राजरथांचे कारागीर : लंडनची हूपर कंपनी

२९ एप्रिल २०११ रोजीं इंग्लंडचे राजपुत्र विल्यम यांचा विवाह झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमधून राजवाड्याकडे परतणाऱ्या वधूवरांची ती उघडी घोडागाडी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहिली असेल. वधूच्या पोषाखाची चर्चा पुढें कित्येक दिवस चालली; तो कोणीं बेतला, कोणीं शिवला, येथपर्यंत चौकशी झाली. गाडी कोणीं बांधली हें मात्र कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. ती गाडी १९०२ सालची. सातवे एडवर्ड गादीवर आले त्या प्रसंगाकरितां ती बांधली गेली, आणि १९८१ सालीं याच विल्यम यांचे मातापिता, चार्ल्स व डायना, लग्न लागल्यावर परतले तेहि याच गाडींतून. म्हणजे २०११ च्या त्या दिवशीं तिला एकशें नऊ वर्षें झालीं होतीं, आणि तरीहि मिरवणुकींत ती डौलानें चालत होती. तिला जन्म देणाऱ्या हूपर आणि कंपनीनें मात्र त्यापूर्वीं बावन्न वर्षें, १९५९ सालीं, गाड्या बांधण्याचें काम कायमचें थांबविलें होतें. लांकूड, चामडें व रंग यांची केलेली वस्तु टिकावी आणि ती करणारा दीडशें वर्षांचा कारखाना बुडावा, हें कसें झालें त्याची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों.

या धंद्यांतील कित्येक शब्द आमच्या भाषेंत केव्हांच येऊन बसले आहेत. जुन्या मराठी कादंबऱ्यांतील वकील फिटनींतून कोर्टांत जातात, डॉक्टरांची ब्रूम दाराशीं येऊन उभी राहते, आणि मुंबईची व्हिक्टोरिया तर २०१५ सालीं उच्च न्यायालयानें तिला बेकायदा ठरवीपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर दिसत असे. हीं सारीं विलायती गाड्यांचीं नांवें. ब्रूम हें इंग्लंडच्या एका लॉर्ड चान्सेलरांचें नांव. लँडो हें जर्मनींतील एका गांवाचें. या गाडीची टप मध्यें दुभंगून अर्धी पुढें व अर्धी मागें पडते, म्हणून मिरवणुकीला ती सोयीची. वर सांगितलेली १९०२ ची राजगाडी लँडोच आहे. फिटन हें नांव मात्र थेट ग्रीक पुराणांतून आलेलें. फेथॉन नांवाच्या सूर्यपुत्रानें बापाचा रथ एक दिवस हांकण्याचा हट्ट धरला, घोडे त्याला आवरले नाहींत, आणि पोर प्राणास मुकलें. प्रवासाच्या गाडीला असें नांव ठेवण्याची कल्पना ज्या कोणास सुचली असेल, तो मोठा विनोदी असला पाहिजे.

हूपर कंपनी निघाली ती १८०५ ते १८०७ च्या सुमारास, 'ॲडम्स आणि हूपर' या नांवानें. पुण्यास त्या वेळीं दुसऱ्या बाजीरावांची कारकीर्द चालली होती. १८३० पासून कंपनीस राजघराण्याची सनद मिळाली आणि चौथे विल्यम, राणी व्हिक्टोरिया व सातवे एडवर्ड अशा लागोपाठच्या तीन राज्यकर्त्यांस तिनें गाड्या पुरविल्या. असल्या सनदेचा अर्थ एवढाच कीं दारावर राजचिन्ह लावतां येतें. परंतु जें राजाच्या दाराशीं उभें राहतें तें आपल्याहि दाराशीं असावें असें वाटणारीं माणसें प्रत्येक देशांत असतात, आणि लंडनमध्यें तर तीं फार होतीं. उमरावांचीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या हूपरकडून गाड्या करवून घेत.

वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. सारोट हें एका कारागिराचें काम नव्हे. चाकें करणारा निराळा, कमानी घडविणारा लोहार निराळा, वरचें घर उभारणारा सुतार निराळा; चामडें मढविणारे, गाद्या भरणारे, रंग देणारे आणि अखेरीस दारावर धन्याचें कुलचिन्ह रेखाटणारा चितारी, हे सारे निरनिराळे. यांतील कोणतेंहि एक काम ओबडधोबड झालें तर सारी गाडी ओबडधोबड दिसते. हूपर कंपनीचें खरें भांडवल म्हणजे एका छपराखालीं जमविलेले हे हात होत. धंदा पुढें घोड्यावरून यंत्रावर गेला तरी हे हात तेच राहिले, आणि ज्या दिवशीं जगाला त्यांची जरूर उरली नाहीं त्या दिवशीं कंपनीहि उरली नाहीं.

घोडा जाऊन यंत्र आलें तेव्हां गाडी बांधणाऱ्यांचा धंदा बुडेल असें कोणासहि वाटलें असतें. प्रत्यक्षांत झालें उलटेंच. १९०० सालीं युवराज एडवर्ड यांनीं डेम्लर कंपनीची मोटार घेतली. इंग्लंडच्या राजघराण्यानें घेतलेली ही पहिली मोटार. ती अद्याप सँड्रिंगहॅमच्या संग्रहालयांत आहे. तिचें यंत्र डेम्लरचें, परंतु वरची बैठक हूपरची. आणि तिचा प्रकार कोणता, तर फिटन! घोडे सोडून घेतलेली फिटन पाहावी तशीच ती दिसते.

यापुढें सुमारें पन्नास वर्षें उंची मोटारींची रीत हीच होती. रोल्स-रॉइससारखे कारखाने संबंध गाडी विकतच नसत. ते विकीत फक्त चासी. म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर यंत्र, चाकें, सुकाणू आणि पुढें तो सुप्रसिद्ध चकचकीत रेडिएटर. बसावयास जागा नाहीं, दार नाहीं, छप्पर नाहीं. हा सांगाडा गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या गाडीकाराकडे पाठवावयाचा आणि वरचें अंग, ज्याला आपण बॉडी म्हणतों, तें त्याच्याकडून करवून घ्यावयाचें. हें आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या एस. टी. च्या गाड्या अशाच जन्मास येत आल्या आहेत. चासी मोठ्या कारखान्यांतून यावयाची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळेंत चढावयाची. फरक इतकाच कीं दापोडीस शेंकडों गाड्या एका मापाच्या होत, आणि हूपरकडे प्रत्येक गाडी एका माणसाच्या मापाची होई. शिंप्यानें अंगावर माप घ्यावें तसें तेथें गिऱ्हाइकाचें माप घेत. त्याची उंची किती, टोपी किती उंच, पत्नीला पायरी किती खालीं हवी, सामान किती, कुत्रा बरोबर असतो काय, हें सारें विचारून घेतलें जाई.

काम कसें चाले तें पाहण्यासारखें आहे. प्रथम गिऱ्हाइकास लहानसें रंगीत चित्र दाखवावयाचें. तें पसंत पडलें म्हणजे गाडीची आकृति मोठ्या फळ्यावर खऱ्या मापानें काढावयाची, आणि तिच्यावरून सुतारानें सांचे कापावयाचे. लांकूड बहुधा ॲश नांवाच्या झाडाचें असे. हें लांकूड चिवट व लवचिक असून स्क्रू घट्ट धरून ठेवतें. क्रिकेटचे स्टंप याचेच होतात. आमच्याकडे बैलगाडीला बाभूळ, तसा तेथें गाडीला ॲश. या लांकडाचा सांगाडा पुरा झाला म्हणजे त्यांत दाराच्या चौकटी, छपराच्या कमानी, खिडक्यांच्या खांचा असें संबंध घर दिसूं लागे. रस्त्यावर धांवतांना चासी किंचित् पिळवटते. तिच्याबरोबर वरचें घरहि पिळवटलें पाहिजे, पण कुरकुरतां मात्र कामा नये. यांत सुताराची परीक्षा. मोठ्या माणसाला गाडींतून न कुरकुरतां नेणें ही त्या काळीं निम्मी कीर्ति होती.

मग पत्रे ठोकणाऱ्यांची पाळी. पुण्याच्या तांबट आळींत ज्यांनीं हंडे-घागरी ठोकतांना पाहिल्या असतील, त्यांस हें काम समजावून सांगावयास नको. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लांकडी मोगरीनें त्याला पोट आणावयाचें, मग एकावर एक बसविलेल्या दोन पोलादी चाकांच्या मधून पुनः पुन्हां फिरवून तो गुळगुळीत करावयाचा. वळण बरोबर साधलें कीं नाहीं हें डोळ्यापेक्षां तळहाताला आधीं कळे. मडगार्डाची एक लांबलचक रेषा दिव्यापाशीं निघून दारावरून मागच्या चाकापर्यंत अखंड वाहत गेलेली हूपरच्या गाड्यांत दिसते. ती यंत्रानें काढलेली नसून अशा तळहातांनीं काढलेली आहे.

रंगाची कथा तर धीराची परीक्षा पाहणारी होती. १९२० नंतर सेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग येईपर्यंत तेलरंग व व्हार्निश यांचे थरावर थर द्यावे लागत. एक थर वाळावयाचा, मग तो पाणी व पमिसच्या दगडाच्या भुकटीनें घासावयाचा, मग दुसरा. आठवड्यांमागून आठवडे यांत जात. राजघराण्याच्या गाड्यांचा रंग ठराविक, गडद तांबडा व काळा. त्यावर लांब केसांच्या कुंचल्यानें हात न टेकतां एक बारीक रेघ ओढीत. रेघ ओढणारा माणूस त्या वेळीं श्वास रोखून धरीत असेल असें आम्हांस वाटतें.

आंतील बैठकींत एक गंमत आहे. आज चामड्याची बैठक म्हणजे श्रीमंती असें आपण समजतों. त्या काळच्या मोठ्या गाड्यांत चामडें असे तें पुढें, हांकणाराच्या जागीं; मागें धन्यासाठीं मऊ लोंकरी कापड. कारण हांकणारा पुष्कळदां उघड्यावर बसे, पावसांत भिजे, आणि चामडें पुसून काढतां येतें. दोघांमध्यें कांचेचा पडदा आणि बोलण्यास एक नळी. घोडागाडीचा सारथी बाहेर व धनी आंत ही व्यवस्था घोडा गेल्यावरहि कित्येक वर्षें चालू राहिली. यंत्र बदललें तितक्या लवकर समाज बदलला नाहीं. मोठमोठ्या घरांतून आपल्याकडेहि नोकरासाठीं कपबशी निराळी असे, तें आठवून आम्ही येथें इंग्रजांस फारसें हसत नाहीं.

आतां हूपरच्या एका वडील प्रतिस्पर्ध्याची ओळख करून दिली पाहिजे, कारण पुढें त्याचें घर हूपरनेंच घेतलें. बार्कर आणि कंपनी ही १७१० सालीं, राणी ॲन हिच्या अमदानींत निघालेली. १९०७ सालीं रोल्स-रॉइसनें रुपेरी रंगाची व रुपेरी मुलाम्याची जी सुप्रसिद्ध गाडी काढली आणि 'सिल्व्हर घोस्ट' असें जिचें नांव ठेविलें, तिची बॉडी बार्करची होती. सुमारें १५,००० मैल चालवून ती गाडी परीक्षेंत उतरली, आणि जगांत नांव झालें तें रोल्स-रॉइसचें. बार्करचें नांव जाणकारांपुरतें राहिलें. गाडीला दोन कर्ते असून कीर्ति एकासच मिळावी असा या धंद्याचा नियमच दिसतो.

या गाड्या आमच्याकडे लौकरच आल्या. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक परीक्षा झाली. घाट चढून उतरून एकंदर ६२० मैल जावयाचें होतें. रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ दि ईस्ट' ही गाडी वाटेंत कोठेंहि बंद न पडतां पार झाली, आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं घेतली. संस्थानिकांचा ओघ मग लंडनच्या गाडीकारांकडे लागला. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं रोल्स-रॉइसच्या चासीवर बार्करकडून एक सिंहासनगाडी बांधविण्याचें ठरविलें. पिवळा रंग, वर घुमटासारखें छप्पर, आंत सिंहासनासारखी एकट्यासाठीं बैठक. गाडी येण्यापूर्वींच, १९११ च्या ऑगस्टांत, निजाम वारले. ती मिळाली त्यांचे चिरंजीव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांस, आणि ती समारंभापुरती कधींमधीं बाहेर निघे, इतकेंच. आज ती चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे आमचे जिल्हे १९४८ पर्यंत त्या राज्यांत होते. तेव्हां त्या पिवळ्या गाडीच्या किंमतींत मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचे कांहीं रुपये पडल्याखेरीज राहिले नसतील. लंडनच्या सुताराच्या हातचें कौतुक करतांना हा हिशेब आमच्या मनांतून जात नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर अशा गिऱ्हाइकांची संख्या उतरणीस लागली आणि १९२९ नंतरच्या मंदीनें ती आणखी घटली. शेंकडों वर्षांचीं जुनीं नांवें एकेक करून विकलीं जाऊं लागलीं. १९३८ सालीं बार्कर हूपरच्या पदरीं आली. दोनच वर्षांनीं, १९४० सालीं, हूपर स्वतःच डेम्लरच्या, म्हणजे पर्यायानें बी. एस. ए. या मोठ्या कंपनीच्या हातीं गेली. बी. एस. ए. हें नांव सायकलीमुळें आमच्या वाचकांच्या ओळखीचें आहे. मूळचा तो बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना. मालक बदलला तरी हूपरचा कारखाना लंडनच्या पश्चिमेस पार्क रॉयल येथें चालूच राहिला, आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर पुनः गाड्यांकडे वळला.

युद्धोत्तर हूपरचें सारें वैभव ऑस्मंड रिव्हर्स या एका माणसाच्या पेन्सिलीशीं निगडित आहे. ते कंपनीचे मुख्य आराखडाकार, पुढें व्यवस्थापकहि झाले. छपराच्या कडा चाकूनें कापल्यासारख्या सरळ, आणि पुढचें मडगार्ड मात्र नदीच्या वळणासारखें दारांवरून उतरत जाऊन मागच्या चाकास झांकणारें. हा विरोध त्यांच्या गाड्यांत फार सुंदर साधलेला आहे. या धर्तीला पुढें 'एम्प्रेस' असें नांव पडलें. १९४८ च्या लंडनमधील प्रदर्शनांत त्यांनीं डेम्लरच्या मोठ्या चासीवर केलेली हिरवी गाडी मांडली गेली. लांबी वीस फुटांवर. लोकांनीं तिला 'ग्रीन गॉडेस', म्हणजे हिरवी देवी, हें नांव दिलें. ज्या देशांत तेव्हां लोणी व मांस मोजून मिळत होतें, त्या देशांत ही वीस फुटी देवी पाहावयास गर्दी लोटावी हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें.

यानंतर येतें तें डॉकर प्रकरण. सर बर्नार्ड डॉकर हे बी. एस. ए. चे अध्यक्ष होते. १९४९ सालीं त्यांचें नोरा नांवाच्या बाईंशीं लग्न झालें. नोराबाईंचें हें तिसरें लग्न. तरुणपणीं त्यांनीं लंडनच्या एका नृत्यगृहांत नोकरी केलेली होती. बाई धीट व हिशेबी. डेम्लरचें नांव लोक विसरत चालले आहेत, तेव्हां डोळे दिपतील अशी एक गाडी दर वर्षीं प्रदर्शनांत मांडली पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें, आणि ती बांधण्याचें काम अर्थातच हूपरकडे आलें. १९५१ सालीं 'गोल्ड कार' निघाली. इतर गाड्यांना जेथें क्रोमियमचा मुलामा असे तेथें हिला सोन्याचा, आणि दोन्ही अंगांस सुमारें सात हजार सोनेरी चांदण्या हातानें काढलेल्या. बाईंचें म्हणणें असें कीं क्रोमियमचा तुटवडा आहे! मग चार पाकळ्यांच्या तिपतिया पानांची निळी 'ब्लू क्लोव्हर', मग 'सिल्व्हर फ्लॅश', मग रुपेरी चांदण्यांची 'स्टारडस्ट', आणि १९५५ सालीं हस्तिदंताचा फळा व झेब्र्याच्या कातड्याची बैठक असलेली 'गोल्डन झेब्रा'. चांदण्या काढणाऱ्या हातांचें कसब तेंच, १९०२ च्या राजगाडीवर सोन्याचा वर्ख चढविणाऱ्यांचें. परंतु गाडी पाहून त्या कसबाचें नांव कोणीं काढलें नाहीं, नांव झालें तें नोराबाईंचें.

या गाड्यांवरून त्या काळीं बाईंवर पुष्कळ टीका झाली व अजूनहि होते. आमचें मत थोडें निराळें आहे. जाहिरातीची त्यांची कल्पना अगदींच चुकीची नव्हती. गाड्या पाहण्यास गर्दी खरोखरच लोटत असे. शिवाय खर्चाच्या कागदांवर सही करणारे पुरुषच होते. दोष लागतो तो असा कीं जाहिरातीचा माल आणि घरची वापरण्याची वस्तु यांतील रेघ राहिली नाहीं. गाड्या कंपनीच्या, फिरविणार बाई. बाईंच्या उंची पोषाखाचें बिलसुद्धां कंपनीच्या खात्यावर घालण्याचा प्रयत्न झाला. १९५६ च्या मे महिन्यांत संचालकांनीं सर बर्नार्ड यांस पदावरून दूर केलें. गाड्या कंपनीनें परत घेतल्या, आणि 'गोल्ड कार'चें सोनें खरवडून काढून ती विकण्यांत आली. हूपरच्या रंगाऱ्यांनीं महिनोन् महिने खपून केलेल्या कामाची ही गत झाली.

हूपरला डॉकर दांपत्यानें बुडविलें असें कोणी म्हणतात. तें आम्हांस पटत नाहीं. खरें कारण तिकडे ऑक्सफर्डजवळच्या काउली गांवांत होतें. तेथें १९२६ सालीं निघालेल्या प्रेस्ड स्टील कंपनीच्या प्रचंड दाबयंत्रांत पोलादाचा पत्रा एका दणक्यासरशीं दाराचा आकार घेऊन बाहेर पडे. ज्या वळणासाठीं हूपरचा माणूस कित्येक दिवस मोगरी चालवी, तें वळण तेथें एका क्षणांत मिळे. सांचा महाग, म्हणून हजारों गाड्या खपणार असतील तरच तो परवडे. त्यामुळें बरीच वर्षें हें यंत्र सामान्यांच्या गाड्यांपुरतें राहिलें आणि राजेरजवाड्यांचा गाडीकार निश्चिंत होता. १९४६ सालीं ही निश्चिंति संपली. रोल्स-रॉइसनें आपल्या बेंटली गाडीसाठीं काउलीचीच तयार पोलादी बॉडी घेतली, आणि १९४९ सालीं 'सिल्व्हर डॉन' या रोल्स-रॉइसलाहि तीच दिली. गाडी थेट कारखान्यांतून, बसून घरीं नेण्यासारखी, पूर्वीपेक्षां स्वस्त. त्यांतच १९४७ पासून हजार पौंडांवरील गाड्यांवर सरकारनें शेंकडा ६६⅔ इतका खरेदीकर बसविला होता. हातानें बांधलेल्या गाडीची किंमत मुळांत मोठी, तिच्यावर हा कर.

तरीहि जोंपर्यंत चासी निराळी होती तोंपर्यंत हूपरला जगण्यास जागा होती. तयार बॉडी नको असणारीं माणसें थोडीं कां होईनात, शिल्लक होतीं. १९५४ सालीं राजवाड्यासाठीं रोल्स-रॉइसच्या 'फँटम फोर' या चासीवर हूपरनें लँडोलेट बांधली. या चासी अवघ्या अठरा निघाल्या व त्या बहुतेक राजघराणीं आणि राष्ट्रप्रमुख यांसच मिळाल्या. परंतु अभियंत्यांच्या डोक्यांत निराळीच गोष्ट घोळत होती. सांगाडा व अंग वेगळें कशाला? पत्र्याचीच पेटी अशी मजबूत करावी कीं तीच सांगाड्याचें काम करील. वजन कमी, उंची कमी, कुरकुर नाहीं. अंड्याला जसा हाडांचा सांगाडा नसून कवच हेंच सर्वस्व, तसें. एकदां हें झालें कीं गाडीकारानें काय चढवावयाचें आणि कशावर? रोल्स-रॉइसची पुढची गाडी याच जातीची होणार हें १९५० च्या दशकाच्या अखेरीस धंद्यांतील सर्वांस कळून चुकलें. ती प्रत्यक्ष आली १९६५ सालीं, 'सिल्व्हर शॅडो' या नांवानें. बी. एस. ए. नें तितके दिवस वाट पाहिली नाहीं. १९५९ सालीं हूपरमधील गाड्या बांधण्याचें काम बंद झालें. पुढच्याच वर्षीं बी. एस. ए. नें डेम्लरसुद्धां जग्वारला विकून टाकली.

यांत एक गोष्ट आम्हांस जाणवते. रोल्स-रॉइसनें १९३९ सालींच पार्क वॉर्ड नांवाची गाडीकार कंपनी आपल्या घरांत घेतली होती. १९५९ सालीं एच. जे. मलिनर हीहि घेतली, आणि १९६१ सालीं दोघींचें एक घर केलें. नव्या जातीच्या गाडीवरहि थोडेंफार हातकाम त्या घराला मिळत राहिलें, कारण तें घरचें होतें. हूपर मात्र प्रतिस्पर्धी डेम्लरच्या घरची. तिला तें काम कोण कशाला देईल? १९४० सालची ती विक्री त्या वेळीं आधारासारखी वाटली असेल. वीस वर्षांनीं तीच गळ्याशीं आली असा आमचा तर्क आहे.

हूपर हें नांव पुढें दुरुस्ती व विक्री करणाऱ्या दुकानावर राहिलें, आणि त्यानंतरहि निरनिराळ्या लोकांनीं तें वापरलें. पार्क रॉयलचे सुतार, पत्रेवाले, रंगारी यांनीं जेथें काम मिळालें तेथें तें धरलें असेल. त्यांच्या गाड्या मात्र अद्याप ठिकठिकाणीं आहेत. हौशी लोक त्या विकत घेऊन पुन्हां नीट करवून घेतात. अशा वेळीं दाराचें आंतील कापड सोडवितात, तेव्हां ॲशच्या लांकडावर त्या गाडीचा क्रमांक पेन्सिलीनें लिहिलेला पुष्कळदां सांपडतो. उंबऱ्यावर पितळी पट्टीवर कंपनीचें नांव असतें. पेन्सिलीनें क्रमांक लिहिणाऱ्याचें नांव कोठेंहि नसतें.